हाफला खेळणारा नाचो

नाचो कधी सरळ चालत नसे. दोन-चार पावलं टाकली की मान डावीकडे वळवून मागे बघायचा, आणखी दोन-चार टाकली की उजवीकडून. सुपरमार्केटात कार्ट ढकलतानाही तेच. एकदा तिथल्या मॅनेजरला संशय आला आणि तो त्याच्या मागेमागे फिरू लागला. झालं! खरोखरच कोणीतरी पाठीवर आहे म्हटल्यावर नाचोने दुधाच्या कपाटापाशी डाव्या खांद्याने अशी झकास हूल दिली, की मॅनेजर सरळ टोमॅटोच्या ढिगावर.

"त्याने मला मार्क केलं होतं," नाचो नंतर अगदी गंभीरपणे म्हणाला.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी ॲन आर्बरला पीएच.डी. करत होतो आणि नाचो समोरच्या अपार्टमेंटमध्ये एकटाच राहायचा. मूळ नाव इग्नासिओ. स्पेनमध्ये इग्नासिओला लाडाने नाचो म्हणतात. मराठी मंडळाच्या दिवाळीला मी त्याला घेऊन गेलो आणि "हा नाचो" म्हणून ओळख करून दिली, तर नागपूरच्या कुसुममावशी म्हणाल्या, "आत्ताच? अरे, आधी जेवू तर दे त्याला!"

माझ्या बायकोशी त्याची ओळख झाली ती तर भांडणातूनच. आमचा पहिला हिवाळा. ती इमारतीच्या दारातून बाहेर पडत होती आणि पार्किंगमधून एक अनोळखी, टकला माणूस जिवाच्या आकांताने ओरडला, "मिरा! मिरा!" आता माझ्या बायकोचं नाव मीरा. ती तिथेच वळली आणि तावातावाने त्याच्याकडे गेली. "तुम्हाला माझं नाव कोणी सांगितलं?" तेवढ्यात तिच्या मागे छपरावरची बर्फाची लादी धाडकन खाली आली. बरोबर ती जाणार होती त्या जागी.

स्पॅनिशमध्ये 'मिरा' म्हणजे 'बघ!'

"तुझं नाव म्हणजे फुटबॉलमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे," त्याने तिला सांगितलं. "बॉल यायच्या आधी बघायचं. आल्यावर काय, कोणीही बघतं."

मानेचं कोडं तेव्हा उलगडलं. नाचो शहराची बस चालवायचा, पण त्याआधी तो पोटापाण्यासाठी फुटबॉल खेळायचा. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पोरगं चालायच्या आधी लाथ मारायला शिकतं. खराखुरा स्पॅनिश खेळाडू शेजारी राहतोय म्हटल्यावर मी उड्या मारायचाच बाकी राहिलो. पहिलाच प्रश्न विचारला, "किती गोल मारलेस?"

आचाऱ्याला "तुम्ही किती जेवलात?" असं विचारावं तसा त्याचा चेहरा झाला.

"गोल मारणाऱ्याला बॉल कोणीतरी देतो, बरोबर? त्या देणाऱ्याला बॉल कोण देतो?" त्याने छातीवर हात ठेवला. "मी. हाफ. मधल्या फळीतला."

त्याचं सगळं करिअर असंच, फोटोच्या कडेला. उत्तर स्पेनमधल्या कोळशाच्या खाणींचं गाव, गावच्या टीमकडून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, तिथून एका मोठ्या क्लबात. क्लबाने एक चषक जिंकला. त्या फोटोत नाचो आहे, पण त्याच्या तोंडासमोर सेंटर फॉरवर्डचं कोपर आहे. एकदा राष्ट्रीय संघातही बोलावलं. उत्तरार्धात तो मैदानाच्या कडेने वॉर्म-अप करत राहिला, आणि वॉर्म-अप चालू असतानाच शेवटची शिट्टी झाली. "राष्ट्रगीत ऐकलं, घाम गाळला, घरी आलो," हे तो कसलाही कडवटपणा न ठेवता सांगायचा.

तिशी उलटल्यावर एका अमेरिकन माणसाने त्याला डेट्रॉइटला आणलं. मॅचआधी आतषबाजी, मध्ये नाचणाऱ्या मुली. "माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर पास मी तिथे दिला," तो म्हणायचा, "आणि लोक हॉट डॉग आणायला उठले." मग टीम बुडाली, मागोमाग लीगही. नाचो इनडोअर फुटबॉलकडे वळला. तिथे प्लॅस्टिकच्या गालिचावर खेळायचं आणि बॉल भिंतीवर आपटून पास द्यायचा. त्या गालिचाने त्याचा गुडघा खाल्ला, तेव्हा हाती बस आली.

इनडोअर फुटबॉल म्हणजे नेमकं काय, हे मला आमच्या कॅरममुळे कळलं. शनिवारी आमच्याकडे कॅरमचा अड्डा जमायचा. पहिल्यांदा बोर्ड बघताच नाचो ओरडला, "हेच! हेच खेळायचो मी!" त्याचा पार्टनर पुण्याचा जोशी, वजनाने भारदस्त, खेळात शून्य. दाराच्या पाटीवर इंग्रजीत जोशी वाचून नाचो त्याला स्पॅनिश थाटात J चा 'ख' करून 'खोशी' म्हणायचा. स्ट्रायकरवर नाचोचा हात असा काही बसला की बघत राहावं. पण सोंगटी भोकात म्हणून टाकेल तर शपथ! भोकाच्या तोंडाशी अलगद आणून ठेवायचा आणि जोशीकडे बघायचा.

"अरे, तूच घे ना यार! राणी समोर आहे!" जोशी कळवळायचा.

"मी आणून दिली. घ्यायची खोशीने."

आणि मधल्या मध्ये ती प्रतिस्पर्धी घेऊन जायचे.

उन्हाळ्यात मंडळाच्या पिकनिकला तेलुगू मंडळींशी फुटबॉलची मॅच ठरली. आमच्याकडे पोटं सुटलेले इंजिनियर आणि गुडघ्याला पट्टी बांधलेला नाचो. तो फारसा पळालाच नाही. मध्ये उभा राहून, मान वळवत, आम्हाला बॉल वाटत होता. शेवटी बरोबरी असताना त्याने त्यांचा गोलकीपरही चकवला. समोर रिकामा गोल. आम्ही सगळे किंचाळलो, "मार!" नाचोने खांद्यावरून मागे बघितलं आणि बॉल हळूच बाजूला सरकवला. तिथे जोशी धापा टाकत उभा होता. बॉल त्याच्या नडगीला लागला आणि आत गेला.

जोशीला आयुष्यात प्रथमच लोकांनी खांद्यावर घेतलं. म्हणजे प्रयत्न केला. तो रडत होता, त्याची बायको फोटो काढत होती. नाचो गवतावर बसून पट्टी सोडत होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, नाचोने आमचं दार वाजवलं. त्या आठवड्यातल्या वादळात त्याचा फोन बंद पडला होता. "एक स्पेनचा कॉल करू का? बिल माझ्याच नावावर पडेल," तो म्हणाला. आम्ही स्वयंपाकघरात गेलो. बाहेर भराभर स्पॅनिश चाललं होतं. आणि एकदम त्यात शब्द ऐकू आला, "खोशी." मग पुन्हा "खोशी!" आवाज चढत गेला आणि लांबलचक "गोऽऽल!" त्यावर रिसीव्हरमधून म्हाताऱ्या घशांचा असा गलका उठला, की तो आम्हाला आतपर्यंत ऐकू आला.

फोन ठेवून तो आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"माझे बाबा होते," तो म्हणाला. "घरी फोन नाही. रविवारी गावातल्या बारमध्ये फोनपाशी बसतात. त्यांच्याबरोबर खाणीतले सगळे जुने लोक."

"आणि तू त्यांना कालची मॅच सांगितलीस?" मी हसलो. "पिकनिकची?"

"पिकनिक हा शब्द तेवढा नाही सांगितला." त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "त्यांना वाटतं, मी अजून खेळतो."

मी हसायचं थांबलो. मीराने हळूच विचारलं, "एकदा भेटून का येत नाहीस?"

"मी दारातून आत शिरलो की सगळे माझा गुडघा बघतील." खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात उगाच फिरत होता. "मला वर गवतावर खेळता यावं म्हणून ते जन्मभर खाली अंधारात राबले, मीरा. आता त्यांच्या छातीत हवा उरली नाही. त्यांना काय सांगू, बस चालवतो?"

पुढे दर रविवारी तो आमच्याकडूनच फोन करू लागला. त्याचा फोन केव्हाच दुरुस्त झाला होता. मीराने एकदा सहज लावून बघितला तर पलीकडून नाचोच बोलला. मी त्याला तसं म्हणणार होतो, तर तिने मला डोळ्यांनीच दटावलं. हिवाळ्यात मैदानं बर्फाखाली गेली, तेव्हा कॅरमच्या मॅचेस फुटबॉल होऊन स्पेनला पोचू लागल्या. तिकडच्या बारमध्ये खोशी हे फार मोठं नाव झालं होतं म्हणे.

वसंत ऋतूत नाचोला बारवाल्याचाच फोन आला. वडील गेले होते. खाणीतल्या लोकांनी त्यांना खांदा दिला. नाचो वेळेत पोचू शकणार नव्हता. त्या दिवशीही त्याने बस चालवली, आणि त्याच्या बसमधून घरी आलेल्या मला ते कळलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी तो नेहमीच्या वेळेला आला. बहुधा सवयीनेच. फोनजवळच्या स्टुलावर बसला आणि मग काय करायचं ते त्याला सुचेना. "चुकून आलो," असं काहीतरी पुटपुटत तो उठू लागला.

मीराने त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि समोर खुर्ची ओढून बसली. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"काल मॅच होती ना?" तिने विचारलं. "काय झालं मॅचमध्ये?"

नाचोने चहाचा एक घोट घेतला. मग त्याने घसा साफ केला.

"पाऊस होता," तो म्हणाला. "मैदान जड झालं होतं."

आणि तो सांगू लागला. आधी इंग्रजीत, मग अर्धं इंग्रजी अर्धं स्पॅनिश, मग नुसतंच स्पॅनिश. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तिने त्याला एकदाही थांबवलं नाही.