फ्रिजमधली कवळी

दोन वर्षं माझ्या फ्रिजमध्ये ताकाच्या पातेल्याशेजारी एक कवळी असायची. माझे दात शाबूत आहेत. कवळी वरच्या मजल्यावरच्या श्रीनिवासराव बिरादारांची, म्हणजे त्यांच्या अभ्यासाची. कच्च्या कवळीत दात मेणावर बसवतात आणि हैदराबादच्या उन्हात मेण मऊ पडतं. त्यांच्या स्वतःच्या फ्रिजला आईची मनाई होती. दुधादह्याजवळ दात नकोत.

"ताई, दार जास्त वेळ उघडं ठेवू नका," ते रोज सांगत. "काय होतं की काय की."

हे त्यांचं पालुपद; 'काय की' म्हणजे कोण जाणे. कुलूप तीनदा ओढून पाहिलं तरी काय होतं की काय की. बस वेळेवर आली तर जास्तच.

मी पुण्याची, नोकरीमुळे विद्यानगरात आलेली. बिरादार मूळचे बीदरकडचे, आजोबांपासून इथलेच. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही, घरी फक्त माय. दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासचं ऑफिस सांभाळायचे. ती नोकरी सोडून त्यांनी कवळ्या बनवायचा डिप्लोमा धरला. बारावीला सायन्स होतं म्हणून प्रवेश मिळाला. वर्गातली पोरं 'अंकल' म्हणत आणि मेण तापवायचा दिवा त्यांच्यापासून लांब ठेवत, कारण यांच्या हातून तो दोनदा कलंडला होता.

"दातच का हो?" मी एकदा विचारलं.

"काम पक्कं असतं, ताई," म्हणाले आणि जिना चढून गेले.

नियमांची त्यांना फार धास्ती. डिप्लोमा झाला तरी डेंटल कौन्सिलकडे नोंदणी होईपर्यंत आपण कुणीच नाही. आणि नोंदणी झाली तरी पेशंटच्या तोंडात हात घालायचा नाही. माप घेणं आणि कवळी बसवणं हे डॉक्टरचं काम. वॉचमननं एकदा हलणारी दाढ दाखवायला आ केला, तर हे दोन्ही हात पाठीमागे धरून उलट्या पावली जिन्यापर्यंत गेले.

शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दुपारी वीज गेली. परीक्षकांपुढे ठेवायचं काम माझ्या फ्रिजमध्ये. बिरादार घामानं निथळत दारात उभे.

"मेण मऊ पडलं तर वर्ष गेलं, ताई. लई परेशान आहे मी."

मी कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याकडून बर्फ आणला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं त्या डब्याजवळ आजारी माणसापाशी बसावं तसे बसून होतो. दात हलले नाहीत. बिरादार पास झाले, जेमतेम. पुढे नोंदणी झाली, सिकंदराबादच्या एका लॅबमध्ये नोकरीही लागली.

मग माय खुणेनं म्हणाली, आता माझे दात कर. तिचे सगळे दात केव्हाच गेले होते. तिचं बोललेलं कुणाला कळत नसे, म्हणून तिनं बोलणंच सोडलं होतं.

"माय, तुझ्या तोंडात हात घालायची मला परवानगी नाही," बिरादार म्हणाले. मायनं कपाळावर हात मारला.

शेवटी माप डॉक्टरीणबाईंनी घेतलं, कवळी यांनी लॅबमध्ये केली, आणि बसवायच्या दिवशी मी दोघांना गाडीतून दवाखान्यात नेलं. बाईंनी कवळी बसवली आणि काहीतरी बोला, असं तेलुगूत सांगितलं. माय आधी शिटीसारखं फुसफुसली. मग म्हणाली, "खालचं टोचायलंय की गं बाई. ह्या पोराला लहानपणापासून कोणतं काम धड जमलंय?"

बाईंना मराठी येत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिरादारांकडे वळले, तर खुर्ची रिकामी.

ते बाहेर पायरीवर बसले होते.

"टोचतंय म्हणतात. डॉक्टरीणबाई घासून देतील," मी म्हणाले.

"ऐकलं मी." त्यांनी सरकून मला पायरीवर बसायला जागा करून दिली. "कामावर तेलुगू, बाजारात दख्खनी. तुमच्याशी मराठी बोलतो, पण तुमची पुस्तकातली. आमची मराठी बोलणारी घरात ही एकटीच. ती गप्प झाली, मग घरी कोणाशी काय बोलू? म्हणून शिकलो, ताई."

आत माय आता डॉक्टरीणबाईंना मराठीतूनच मुलाचं लग्न का झालं नाही ते सांगत होती, सविस्तर. मी उठले.

"थांबा थोडं," बिरादार म्हणाले. "बोलू द्या तिला."