संभाव्य लखपती

सन एकोणीसशे बाहत्तरच्या मार्गशीर्षात गहिनीनाथ शिंप्याने पाथर्डीच्या बाजारात लॉटरीचे एक रुपयाचे तिकीट घेतले. दुष्काळामुळे गावात नवे कपडे शिवणारा कोणी उरला नव्हता. घर चालत होते ते बायको मालनबाई सरकारी कामावर खडी फोडत होती म्हणून, आणि तो रुपयाही तिचाच होता. मात्र सोडतीला वीस दिवस अवकाश असल्याने तेवढे वीस दिवस गहिनीनाथ लखपती होता.

श्रीमंती अंगी मुरायला वेळ लागतो, म्हणून त्याने सराव सुरू केला. स्वतःचेच माप घेऊन कोट बेतला. पारावर बसून देवळाला कळस कबूल केला. भावकीतल्या दोघांशी बोलणे टाकले, कारण पुढे ते पैसे मागणारच होते. बाजारात तुरी म्हणतात त्या ह्याच. आणि एका सकाळी त्याने मालनबाईच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"लखपतीची बायकू खडी फोडती म्हंजी? लोक तोंडात शेन घालतील."

"अवं, पर अजून लागलंय कुठं?"

"लागल्याव लोक मागचं उकरून काढत्यात."

मालनबाई घरी बसली. चौथ्या दिवशी कामावरचे कारकून आप्पासाहेब चौकशीला आले. गहिनीनाथाने गैरहजेरीचे कारण छाती काढून सांगितले आणि त्यांनी लिहिलेल्या जबाबावर झोकात सही ठोकली: 'सदर इसम संभाव्य लखपती असून त्याच्या कुटुंबास कामाची निकड नाही.' मस्टरवरून मालनबाईचे नाव गेले. तिच्या जागी गावातलीच छबूबाई लागली.

सोडत झाली. पेपरात गहिनीनाथाचा नंबर नव्हता. त्याच्या मागचापुढचाही नव्हता. घरातली रेशनची मिलो ज्वारी संपली, तेव्हा नवराबायको आप्पासाहेबांच्या तंबूत गेले.

"नाव पुन्हा घालता येईल," आप्पासाहेब गंभीरपणे म्हणाले. "पण जबाबानुसार तुम्ही अजून संभाव्य आहात. न लागल्याचा दाखला आणा."

"त्यो कुठं मिळतो?"

"लागल्याचा मिळतो. न लागल्याचा देण्याची तरतूद नाही. तेव्हा पुरावा म्हणून मूळ तिकीट अर्जाला जोडा."

गहिनीनाथाचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"सायेब, पेपरवाल्यांचं चुकलं आसंल तर? उद्या दुरुस्ती छापून आली, आन् तिकीट तुमच्याकडं!"

आप्पासाहेबांनी मान डोलावली. मग इकडेतिकडे बघून टेबलाचा खण उघडला. आत दोन वर्षांची तिकिटे सुतळीने बांधून ठेवली होती.

"मीही दुरुस्तीचीच वाट बघतोय," ते हळूच म्हणाले.

दोन्ही लखपती एकमेकांकडे आदराने बघत राहिले. मालनबाईच्या पोटात कालपासून काही नव्हते. तिने नवऱ्याच्या खिशातून तिकीट ओढले, अर्जाला टाचले आणि अंगठा उठवला. गहिनीनाथाला रडू फुटले, अगदी खरे.

दुसऱ्या दिवशी ती खडीवर हजर झाली. पगार झाला त्या दिवशी धान्य घेऊन घरी आली आणि पदराची गाठ सोडून तिने एक कोरे करकरीत तिकीट बाहेर काढले.

"तुमच्या हाताला येस न्हाई. ह्या बारीला म्या घेतलंय. आन् कुनाला बोलायचं न्हाई!"

गहिनीनाथ कुणाला बोलला नाही. आम्हीही त्या तिकिटाचा नंबर इथे देणार नाही. दिला असता, तर वाचकहो, हसणे अर्धवट टाकून तुम्ही तो आधी आपल्या खिशातल्या तिकिटाशी ताडून पाहिला असता.