कमी आचेची हंडी

फळीवरच्या दोन हंड्या गायब झालेल्या पाहून हिकोझो मिझुतानीनं सगळी खोली धुंडाळली. जपानमधल्या योक्काइचीत थेट विस्तवावर चालणाऱ्या मातीच्या हंड्या घडवण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. गॅस महागल्यापासून अकराशे ऐंशी अंशांची भट्टी हजार पन्नासवर आणायचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं होतं. मातीत नाना भुकट्या मिसळून झाल्या. तेवीस हंड्या तडकल्या. फळीवरच्या त्या दोन, चोविसावी आणि पंचविसावी, अजून विस्तवावर चढायच्या होत्या.

त्यानं बायकोला फोन लावला. "सुमिए, डावीकडच्या हंड्या तू नेल्यास?"

"अहो, मंडळाचं जेवण नाही का आज? मासे उकळतायत. या लवकर!"

"उकळतायत? अगं, त्या कच्च्या आहेत! लोकांच्या मांडीवर रस्सा सांडेल!"

पण तिकडच्या गलक्यात तिला काही ऐकू गेलं नाही.

हिकोझोनं आपली अस्सल, पक्की भाजलेली हंडी उचलली, नळाखाली धुतली आणि सायकलवर टांग मारली. मंडळाच्या सभागृहात वीस म्हातारी माणसं रश्श्यावर फुंकर घालत बसली होती.

"शेगड्या बंद करा! सगळे मागे सरका!"

"का हो, भूकंप आला का?" ब्याऐंशी वर्षांच्या इमाओ आजींनी विचारलं. हातातली वाटी त्यांनी सोडली नाही.

उत्तर द्यायला सवड कुठली! त्यानं पहिल्या हंडीतला रस्सा आपल्या हंडीत ओतला आणि शेगडी मोठी केली. घाईत बूड पुसायचं राहून गेलं. ओलं बूड विस्तवावर ठेवू नये, हे तो गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं बजावत आला होता.

टण्ण!

हंडी उभी चिरली. कोबी, मासे, अळंबी, सगळं हिकोझोच्या पायमोज्यांवर आलं. शेजारच्या टेबलावरची पंचविसावी हंडी मात्र शांतपणे रटरटत होती. रस्सा ओतून घेतलेली चोविसावी रिकामी होती. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली, नखानं वाजवली. केसाएवढीही चीर नव्हती.

आनंदानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आजींना वेगळंच वाटलं.

"वाईट वाटून घेऊ नका हो. नवे प्रयोग म्हटले की फुटायचेच. सुमिए सांगत असते, तुमचं काहीतरी चाललंय म्हणून." त्यांनी चोविसाव्या हंडीवर हात ठेवला. "पण ही जुन्या पद्धतीची तेवढी सोडू नका. मला अशीच एक हवी."

"मलाही!" पलीकडून कुणीतरी ओरडलं.

खरं काय ते सांगायला हिकोझोनं तोंड उघडलं. सुमिएनं त्याच्यासमोर भरलेली वाटी सरकवली.

"नाही सोडणार, आजी," तो म्हणाला. "अगदी अशीच करीन." आणि ओल्या मोज्यांनिशीच जेवायला बसला.