शेवटच्या अडथळ्याआधी

नवखा म्हणजे कोण, हे अश्वारोहण स्पर्धेच्या पात्रता समितीने एकोणीस पानांत ठरवून ठेवले आहे. थोडक्यात सांगायचे तर, ज्याने गेल्या दहा वर्षांत वरच्या गटाची एकही फेरी पूर्ण केलेली नाही, तो नवखा. उरलेले सगळे अनुभवी. नवख्यांचे अडथळे गुडघ्याएवढे, अनुभवींचे छातीएवढे. घोडा किती शिकलेला आहे हे पाहिले जात नाही, कारण अर्जावर सही घोडा करत नाही.

दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी नवख्या गटासाठी अर्ज केला. त्यांचे वय बावन्न, घोडीचे अठरा. घोडीचे नाव मावशी. अठरा सरली की घोड्याला स्पर्धेत उतरता येत नाही, त्यामुळे मावशीचा हा शेवटचा मोसम होता. छातीएवढी उडी आता तिच्या पायांना झेपणारी नव्हती, गुडघ्याएवढी ती आनंदाने मारे. एकदा तरी मावशीवर बसून, डोळे उघडे ठेवून, सगळे अडथळे पार करायचे, एवढीच बाईंची इच्छा होती.

पात्रता अधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडले, चष्मा पुसला आणि पुन्हा रजिस्टर पाहिले.

"डॉक्टर, तुम्ही अनुभवी आहात."

"मी? अहो, मला अजून रिकिबीत पाय घालताना खाली बघावं लागतं!"

"आठ वर्षांपूर्वी वरच्या गटाची फेरी पूर्ण. बावीसच्या बावीस अडथळे. इथं नोंद आहे."

"ते मी नाही केलं हो. मी मावशीवर बसून माझ्या नंबराची वाट बघत होते. मावशी उधळली आणि थेट वरच्या गटाच्या मार्गात शिरली. मी तिच्या मानेला मिठी मारून, डोळे मिटून देवाचा धावा करत होते."

"पण पडला नाहीत."

"पडायचं सुचलंच नाही!"

"इथंच चुकलात," अधिकारी कळवळून म्हणाले. "खरा नवखा पडला असता."

मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवले. फोटोत नवख्या गटात सलग नऊ वर्षे पहिले आलेले एक गृहस्थ होते. या गृहस्थांची स्वतःची घोडेस्वारीची शाळा आहे आणि तिथे साठ जण त्यांच्या हाताखाली शिकतात. ते दर वर्षी वरच्या गटातही उतरतात. एकवीस अडथळे सहज ओलांडतात, बाविसाव्याआधी लगाम खेचतात, खाली उतरतात, पंचांना सलाम ठोकतात आणि घोड्याला चालवत तबेल्यात नेतात. फेरी अपूर्ण. म्हणजे नवखे.

"त्यांच्याकडून शिका," अधिकारी म्हणाले. "कुठं थांबायचं हे त्यांना कळतं."

घरी हे ऐकून बाईंचे यजमान खवळले. "शुद्ध लबाडी आहे ही! येत असून येत नाही म्हणायचं?" हे ते खुर्चीत बसून म्हणाले. बाई भांडी घासत होत्या. यजमानांनी भांडी घासायला घेतली की दर वेळी एक कप फुटे, म्हणून गेली सव्वीस वर्षे त्यांना कोणी सिंकजवळ फिरकू देत नसे.

बाईंनी अपील केले की आठ वर्षांपूर्वीचा पराक्रम माझा नसून घोडीचा आहे. समितीच्या तीन बैठका झाल्या. मावशीचा खूर शाईत बुडवून जबाबावर उमटवण्यात आला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि निकाल लागला: सदर फेरी मावशी यांनी पूर्ण केली असून डॉक्टर या केवळ सोबतचे वजन होत्या.

बाई पेढे मिळाल्यासारख्या हसल्या. "म्हणजे मी नवखी!"

"अभिनंदन. पण आता मावशी आमच्याकडे अनुभवी स्वार म्हणून नोंदल्या गेल्यात. त्यांना नवख्या गटात कसं सोडायचं?"

"आणि मी?"

"वजनाला अर्ज करता येत नाही."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. अधिकारी माणूस वाईट नव्हता, फक्त नियम पाठ असलेला होता. त्याने खूप पाने उलटली आणि एक पळवाट काढली. स्पर्धेच्या सकाळी नवख्यांचा मार्ग कोणीतरी फिरून तपासतो, त्याला पात्रता लागत नाही. बाईंनी मावशीला घेऊन मार्ग तपासावा. अट एकच, शेवटचा अडथळा ओलांडायचा नाही. अपात्र व्यक्तीने फेरी पूर्ण केली तर ती कायमची अनुभवी ठरते, पान सतरा.

सकाळी बाई निघाल्या. पहिला अडथळा, दुसरा, पाण्याचा चर, ओंडका. डोळे टक्क उघडे. मावशी म्हातारी होती, पण तिची उडी अजून नेमकी होती. शेवटचा अडथळा समोर आला तसा लाउडस्पीकर ओरडू लागला.

"डॉक्टर, थांबा! अजून वेळ गेलेली नाही!"

कडेला उभे असलेले नऊ वेळचे विजेते तर पोटतिडकीने लगाम कसा खेचायचा ते हातांनी दाखवत होते. मावशीने एक कान मागे वळवला. बाईंनी लगाम सैल सोडला.

पलीकडे उतरल्यावर त्यांनी मावशीच्या गळ्यात पडून सगळ्यांसमोर रडून घेतले. इतक्या वर्षांत त्या एवढ्या खूश कधी झाल्या नव्हत्या. दुपारी त्या कायमच्या अनुभवी घोषित झाल्या. नवख्या गटात विजेते दहाव्यांदा पहिले आले आणि भाषणात म्हणाले, "नवखेपण टिकवायला फार मेहनत लागते."

"या माणसाला लाज कशी वाटत नाही?" घरी यजमान पुन्हा खवळले. बाईंनी घासणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक कप उचलला, साबण लावला, सफाईने विसळला आणि ठेवता ठेवता सोडून दिला.

"बघ. मला कुठं जमतं हे?"

आपण हसलात, हे समितीने पाहिले आहे. घरात, नाहीतर कचेरीत, आपल्याला उत्तम येणारे आणि आपण कोणाला कळू न दिलेले ते एक काम आठवा. आपली नोंदही रजिस्टरात आहे: एकवीस पार, मग खाली उतरून सलाम.