देवघरातली कानाची झाकणं

एका जंगलात खडी फोडायचा कारखाना होता. जंगलात कारखाना कसा, असं मध्येच विचारायचं नाही. तुमच्या गावात आला तेव्हा कुणी विचारलं होतं का? गप ऐका.

कारखाना एका रानडुकराचा. पण तोंडावर डुक्कर म्हणायची कुणाची छाती नव्हती. सगळे शेठ म्हणत. दगड फोडायचं यंत्र दिवसभर असं धडधडे की शेजारच्या झाडांची पानं टिकत नसत. शेठची खोली मात्र टेकडीपलीकडे होती. आवाजाचा त्याला फार त्रास व्हायचा, बिचाऱ्याला.

यंत्राच्या तोंडाशी भागी नावाची सशीण दगडांची घमेली ओतायची.

एका संध्याकाळी भागी बिळाबाहेर पाला निवडत बसली होती. मागून रानमांजर आलं. पिल्लं बेंबीच्या देठापासून किंचाळली. भागी आपली पाला निवडतेय. शेजारची तानूमावशी साळिंदर काटे फुलवून धावली, म्हणून पिल्लं वाचली.

"भागे, मेले, लेकरं जात होती की गं तुझी! बहिरी झालीस का?"

"काय म्हणालीस?" भागी म्हणाली.

तानूमावशीने कानाशी तोंड नेऊन सगळं परत सांगितलं. सशाला काय असतं, बाळांनो? सुळा नाही, नखं नाहीत. कान असतात आणि पाय असतात. कानच गेले तर पायांना कळणार कसं, पळायचं कधी ते?

सकाळी ती तानूमावशीला घेऊन तडक शेठकडे गेली. समोरचा जे बोलेल, ते मावशी तिच्या कानात ओरडून सांगे.

"शेठ, माझे कान गेले."

शेठने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठे गेले? डोक्यावरच तर आहेत. केवढाले!"

"दिसायला आहेत. ऐकायला गेले."

"मग तपासणी करू की. मी काय दुष्ट आहे?"

घुबड डॉक्टर आला. त्याला धडधड सोसेना म्हणून यंत्र बंद केलं. तो फांदीवर बसला, फीत घेतली आणि एकेका कामगाराचे कान मोजले.

"कान दोन. लांब. फाटलेले नाहीत. उत्तम!"

"अहो, ऐकू येतं का ते बघा की!" भागी ओरडली.

"ते बघायची पद्धत नाही," डॉक्टर म्हणाला. मग त्याने सापालाही उत्तम म्हटलं. सापाला कान नसतात. पण डॉक्टरला घाई होती.

आता गंमत ऐका. वाघोबा राजाने कामगारांसाठी कानावर घालायची जाड झाकणं कधीच पाठवली होती. पण शेठ पडला देवभोळा. खंडेनवमीला त्याने यंत्राबरोबर झाकणांचीही पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि ती देवघरात ठेवून दिली.

"ती द्या आम्हाला," भागी म्हणाली.

"शिव शिव! पूजेतली वस्तू मळक्या कानांना लावतेस?"

"घमेली पण पुजली होती ना? ती दुसऱ्या दिवशी आमच्या डोक्यावर कशी आली?"

"घमेल्यांची गोष्ट वेगळी. घमेल्यांनी खडी निघते."

भागी घमेलं उचलून परत यंत्राकडे गेली. संध्याकाळी ती बिळाबिळात गेली, घरट्याघरट्यात गेली. प्रत्येकाच्या कानाशी ओरडून एकच गोष्ट समजावली. ओरडावंच लागलं, सगळेच अर्धे बहिरे झाले होते. पूर्ण जंगलाला तिचा बेत कळला. टेकडीपलीकडे तेवढं शांत होतं.

दुसऱ्या दिवशी वाघोबाच्या रस्त्यासाठी खडी जायची होती. खडी कमी पडली, तर वाघोबा तेवढी तूट शेठच्या मांडीतून भरून काढत असे.

भोंगा वाजला. कुणी हललं नाही.

"चला, कामाला लागा!" शेठ ओरडला.

माकड उवा काढत बसलं. खारीने कूस बदलली.

"अरे, ऐकू येत नाही का?"

"काय म्हणालात?" भागीने विचारलं. तिला खरंच ऐकू आलं नव्हतं. बाकीच्यांचं मी सांगत नाही.

शेठने डॉक्टरला पकडून आणलं. "सगळ्यांचे कान उत्तम म्हणालास ना तू?"

"कान उत्तमच आहेत," घुबड म्हणालं. "ऐकू येतं असं मी कुठे म्हणालो?"

दूरवर वाघोबाची डरकाळी झाली. ती मात्र शेठला स्वच्छ ऐकू आली. भागीने देवघराकडे बोट दाखवलं, तसा तो धावत तिकडे गेला. माळा तोडून, कुंकू पुसून त्याने झाकणं आणली आणि स्वतःच्या हाताने एकेकाच्या कानावर चढवली. खारीची तर दोनदा चढवली, सारखी घसरत होती. मग शेठ हातवारे करून काम सांगू लागला. खडी वेळेवर गेली. शेठची मांडी वाचली.

भागीचे कान काही परत आले नाहीत. तिची पिल्लं आता हाका मारत नाहीत. भ्यायली की धावत येऊन आईला कडकडून चावतात.

तात्पर्य: आपल्याला लेकराची हाक ऐकू आली नाही, तर ते आपलं नशीब. शेठचा हुकूम ऐकू आला नाही, तर तो आजार, आणि त्यावरचं औषध दुपारच्या आत सापडतं. म्हणून बाळांनो, बहिरं व्हायचंच असेल, तर सुरुवात शेठच्या हुकुमापासून करावी.