उसन्या मातीचा गड

आमच्या गल्लीत मातीला बसचं तिकीट काढणारा एकच माणूस आहे. मारुतीआप्पा.

दिवाळी जवळ आली की आप्पा बेळगावहून खानापूरची बस धरतात. नंदगडच्या अलीकडे त्यांचं गाव आहे. तिथल्या शेतातली तांबडी माती ते पोत्यांत भरून आणतात आणि शहापुरातल्या आपल्या दारात किल्ला करतात. इथवर ठीक आहे. बेळगावात दिवाळीला किल्ला कोण करत नाही? पण तुळशीचं लग्न लागलं की आप्पा किल्ला मोडतात, ती माती पुन्हा पोत्यांत भरतात आणि त्याच बसनं त्याच शेतात नेऊन ओततात. "उसनी आणलेली वस्तू परत द्याय नको?" असं त्यांचं म्हणणं. कंडक्टर नवा असला की पोतं दाबून कानडीत विचारतो, "येनु री इदु?" काय हो हे? आप्पा शांतपणे सांगतात, "मण्णु." माती. त्यावर कंडक्टर ज्या नजरेनं बघतो, त्याच नजरेनं आम्ही शेजारी त्यांच्याकडे बघत आलो आहोत.

आप्पांची उमर मागावर साड्या विणण्यात गेली. आता माग विकला, बायको गेली, मुलगी लग्न होऊन निपाणीला. वर्षातले अकरा महिने आप्पा गल्लीत असून नसल्यासारखे असतात. माझ्या साड्यांच्या दुकानासमोर त्यांचं घर, पण दोन-दोन दिवस दार उघडलेलं दिसत नाही. बाराव्या महिन्यात मात्र त्यांच्या अंगात येतं. भिजवलेली पोती, विटांचे तुकडे, गेरू, तटावर पेरायला मोहरी, सगळा पसारा रस्त्यापर्यंत येतो आणि माझ्या गिऱ्हाइकांना साड्या वर धरून आत यावं लागतं.

"आधी पाणी, मग तोफ," हा त्यांचा मंत्र. गडानं आकारही धरलेला नसतो तेव्हा ते वर पाण्याचं टाकं खोदून मोकळे होतात. मग गावातल्या मंडळांचे किल्ले तपासायला निघतात. मागच्या साली एका मंडळानं लाइटचं कारंजं लावून मोठा देखावा केला होता. लोक फोटो काढत होते. आप्पांनी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "कारंजं झ्याक हाय. प्यायचं पाणी कुठाय? वेढा पडला तर तुमची माणसं चार दिसात मरतील की रं!" मंडळाच्या अध्यक्षानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

त्यांचे मातीचे मावळे हा आणखी एक विषय. खानापूरच्या कुंभाराकडून कधीकाळी घेतलेले. कुणाचा हात गेलाय, कुणाची ढाल. एक भालदार दरवाजापेक्षा उंच आहे, त्याला दरवाजाबाहेरच उभं राहावं लागतं. मी एकदा नवे आणून देतो म्हणालो. "आणि ह्येंनी कुठं जायचं?" आप्पा म्हणाले. मोडक्यांना ते गडावरच्या देवळाच्या सावलीत बसवतात. हलकी ड्यूटी.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. एका वर्षी त्यांची पाठ धरली आणि मी माझ्या व्हॅनमधून त्यांना माती आणायला घेऊन गेलो, तेव्हा आतली गोष्ट कळली. शेत धाकट्या भावाच्या, यल्लाप्पाच्या वाटणीचं. वाटणीत बांधावरच्या एका फणसावरून दोघांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं. पुढे तो फणस वाऱ्यानं पडला, त्याची लाकडं जळून राख झाली, तरी दोघांनी तोंडं उघडली नाहीत. पण माती न्यायला यल्लाप्पानं कधी ना म्हटलं नाही. कुदळ बांधावर ठेवलेली असायची.

दोघांचं बोलणं चालायचं ते मोत्यामार्फत. मोत्या म्हणजे यल्लाप्पाचं कुत्रं. आप्पा खणता खणता म्हणाले, "मोत्या, विचार तुझ्या मालकाला, औंदा माती लई ओली कशी?" बांधावरून उत्तर आलं, "मोत्या, सांग त्येस्नी, परवाच पाऊस झालाय. वरची घेऊ नका म्हणावं." मोत्या बिचारा एकदा इकडे, एकदा तिकडे मान करत होता. मला हसू आवरेना. मग पोती व्हॅनमध्ये चढली आणि आप्पा पाठमोरे राहूनच म्हणाले, "मोत्या, दिवाळीला गड बघाय या म्हणावं." यल्लाप्पानं कुदळ उचलून तिची माती झाडली. "जनावरं टाकून कसं येणार म्हणावं, मोत्या."

परतताना आप्पा सांगत होते, "दर साली बोलावतो. एकदा बी आला न्हाय." तेव्हा माझं हसू मावळलं. माती परत देण्याची ती सगळी उठाठेव मला त्या दिवशी समजली. नेताना एकदा, देताना एकदा. भावाला बघायला आप्पांना तेवढंच निमित्त होतं.

यंदा पावसाळ्यात यल्लाप्पाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पुतण्याचा फोन आल्यावर आप्पा एकदा जाऊन आले आणि दार लावून बसले. दिवाळी तोंडावर आली तरी रस्त्यावर पसारा नाही. माझी गिऱ्हाइकं सरळ आत येऊ लागली आणि मला ते खपेना. शेवटी एका सकाळी आप्पा खोकं घेऊन दुकानात आले. खोक्यात मावळे होते, जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेले.

"व्हॅन काढशील? त्येला येता येत न्हाय. गडच तिकडं नेऊया."

यल्लाप्पाच्या अंगणात आम्ही किल्ला केला. मी पाणी घालत होतो, आप्पा थापत होते. पुतण्यानं बापाची खाट सोप्यातून बाहेर आणून ठेवली. यल्लाप्पा उशीला टेकून बघत होता. चेहरा एका बाजूला ओढलेला, पण डोळे आप्पांच्या हातांवरून हलत नव्हते. दुपार कलली तेव्हा उंच भालदार दरवाजाबाहेर उभा राहिला. आप्पांनी हात धुतले आणि खाटेपाशी जाऊन बसले.

"यल्ल्या," ते म्हणाले. "बघ रं. कसा झालाय?"

पायाशी बसलेल्या मोत्यानं आपलं नाव येईल म्हणून मान वर केली. यल्लाप्पाचे ओठ हलले. घशातून नुसता आवाज आला, त्याचा शब्द काही होईना. आप्पा वाकले, म्हणाले, "आं? परत सांग." पुन्हा तोच आवाज. पुतण्या हळूच म्हणाला, "आप्पा, त्येंची वाचा गेलीय. मी फोनवर सांगितलो की." आप्पा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ठाव हाय मला." आणि भावाचा डावा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. यल्लाप्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मला तिथं उभं राहवेना. मी उगाच व्हॅनचं बॉनेट उघडून बघत बसलो.

परतताना खानापूर मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघत आप्पांनी विचारलं, "उद्या परत सोडशील?"

"सोडतो की. पण गड तर पुरा झालाय ना, आप्पा?"

"गड झालाय," आप्पा म्हणाले. "बोलायचं ऱ्हायलंय. त्येला ऐकाय येतंय अजून."