हाडाची मूठ आणि नसलेला हत्ती

मध्यप्रांत-वऱ्हाडात घडीच्या चाकूंचा माझ्याइतका जाणकार दुसरा नव्हता. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नाही. बाजारात विलायती चाकू ढिगानं मिळायचे, त्यांच्याकडे मी ढुंकूनही बघत नसे. मला लागायचा देऊळगाव राजाच्या तुळशीराम लोहाराचा चाकू. तुळशीराम वर्षभर विळे-खुरपी करायचा आणि बालाजीच्या यात्रेआधी फक्त पाच चाकू घडवायचा. सहावा मागितला की म्हणायचा, "हात भरला." पाचांपैकी एक जानेफळच्या भगवानरावांचा, म्हणजे माझा. हा माझा मान होता आणि तो मी पाटिलकीसारखा मिरवायचो.

पातं सगळ्यांचं सारखंच, मोटारीच्या मोडक्या स्प्रिंगच्या कमानीचं. खरा प्रश्न मुठीचा. शिसवाची मूठ शहाणी दिसते, पण चारचौघांत उठून दिसत नाही. म्हशीच्या शिंगाची उन्हात चकाकते आणि हातात घामेजते. थंडीत पितळेच्या मुठीला हात लावणं म्हणजे पहाटे विहिरीत उडी मारणं. मूठ निवडताना मी इतका वेळ लावायचो की तुळशीराम मधे जेवून यायचा.

त्या वर्षी मात्र त्यानं फडक्यातून एक मूठ काढली आणि माझं तिथंच ठरलं. सायीसारखी पांढरी, गालावर फिरवावी इतकी गुळगुळीत.

"कशाची रे?"

"उंटाचं हाड. जालन्याच्या फणीवाल्याकडून आणलं. पाहून घ्या बरं, मागून बोलू नका."

मी पाहून घेतलं, चाकू बंडीच्या खिशात टाकला आणि घरी आलो. मायनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि माझ्या धाकट्या बहिणीला, मंजुळेला, पाहायला पाहुणे आले. मध्यस्थ आमचे रंगराव मामा. मंजुळेची आधीची दोन स्थळं मोडली होती, एक पत्रिकेवरून आणि एक मामांच्या बोलण्यावरून. त्यामुळे मायनं मामांना आधीच बजावलं होतं, "दादा, तू नुसता बसून राह्य."

मुलगा कडूबा देऊळगाव राजाजवळच्या एका खेड्यातला, गप्प आणि देखणा. त्याचे वडील उकंडराव गळ्यात तुळशीची माळ घातलेले, मऊ बोलणारे गृहस्थ. मंजुळा त्यांना पसंत पडली. पोह्यांनंतर मायनं मळ्यातले पेरू पुढं केले.

उकंडराव म्हणाले, "समोरचे दात काही राह्यले नाहीत. कोणाजवळ चाकू हाये का?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी किती वर्षं खिसा भरून हिंडत होतो. मी चाकू काढला, खटकन उघडला आणि मूठ त्यांच्याकडे करून दिला. त्यांनी पेरूच्या पातळ फोडी केल्या, चवीनं खाल्ल्या. इतक्यात त्यांचा फेटा सुटला. दोन्ही हात लागणार, म्हणून त्यांनी चाकू मिटवला आणि मूठ ओठांत धरून फेटा बांधायला घेतला.

फेटा लांब होता.

मी त्या माळेकडे बघत होतो, मग ओठांकडे, मग परत माळेकडे. शेवटचा पीळ खोचून त्यांनी चाकू तोंडातून काढला आणि कौतुकानं न्याहाळला.

"मोठी गुळगुळीत मूठ हो, भगवानराव. कशाची म्हणायची?"

"हस्तिदंताची," मी म्हणालो. दुसरं पांढरं मला काही सुचलंच नाही.

उकंडरावांचा चेहरा उजळला. गजाननाचा दात, असं म्हणून त्यांनी उंटाचं हाड दोनदा कपाळाला लावलं. मग विचारलं, "आणला कुठून?"

"घरातच होता. जुना."

इथं थांबलं असतं. पण नुसतं बसून राहून मामांना आता कळा येत होत्या. ते म्हणाले, "त्याच्या आज्याच्या दारात हत्तीच होता ना!"

कडूबाला ठसका लागला. उकंडराव एकदम सावरून बसले, आणि जाताना मायला त्यांनी आल्यापेक्षा जास्त वाकून नमस्कार केला.

पाहुण्यांची दमणी वळणाआड गेल्यावर मी मामांना गोठ्यामागं नेलं. "मामा, हत्ती कुठून आणला?"

"काऊन? दात तू काढला, हत्ती मी उभा केला. दात काय वांग्याच्या झाडाले लागते?"

आठवड्याच्या आत हत्ती गावभर झाला. पोरं आमच्या गोठ्यातला जाडा खुंटा बघायला येऊ लागली. मी मायला सांगितलं, हत्ती बित्ती काही नव्हता. ती मान हलवून म्हणाली, "तुले काय मालूम? तू जन्मला नव्हता. मी नवी नवरी आली तवा मोठं काहीतरी बांधलं होतं दारात." चार दिवसांनी तिला त्याचं नावही आठवलं.

मग उकंडरावांकडून निरोप आला. मुलगी लाखात एक आहे, पण हत्तीवाल्या घरची लेक आमच्या साध्या घराला झेपायची नाही. आम्हाला माफी असावी.

माय मटकन खाली बसली. मंजुळा चुलीपाशी होती. ती उठून बाहेर आली आणि मला म्हणाली, "दादा, मले तो मुलगा आवडला होता. आता तूच जा अन् तुझा हत्ती परत आण."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या चाकूची पहिल्यांदाच लाज वाटली.

मी आणि मामा उकंडरावांच्या घरी गेलो. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई दारातच म्हणाली, "आमच्याकडे दोन बैल अन् एक म्हैस. तुमच्या पोरीले करमणार नाही हो."

हत्ती लहान करायचं काम मामांनी अंगावर घेतलं. "हत्ती मेला हो. लई वर्षं झाली."

"पण होता ना," उकंडराव म्हणाले. "म्हणजे घराणं मोठंच."

"आमचा नव्हताच तो. कोण्या सरदाराचा होता. नुसता आमच्या दारात बांधला होता."

"किती दिवस?"

"रातभर," मामा म्हणाले, आणि सुटलो अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं.

उकंडराव हळूहळू पुढं झुकले. "मग दुसऱ्याच्या हत्तीचा दात तुम्ही एका राती काढून घेतला?"

अन्नपूर्णाबाईनं ओट्यावरची पितळी परात उचलून आत नेली. मी उभा राहिलो. बोलायला लागणार तोच दारातून कडूबा म्हणाला, "बाबा, हत्ती नव्हताच. ते उंटाचं हाड हाये."

उकंडरावांचा हात सावकाश ओठांकडे गेला. ते उठून मागच्या दारी गेले. तिथून चुळा भरण्याचा आवाज येऊ लागला. तो इतका वेळ येत राहिला की विहिरीतलं पाणी पुरेल का, अशी मला काळजी पडली. परत आले तेव्हा मिशा निथळत होत्या.

"उंट तुमच्या घरचा होता?"

"नाही."

"आज्याच्या दारातला?"

"नाही हो. हाड लोहाराकडून आलं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग जमलं. उंट बिचारा पाला खाते. एक उपास जास्तीचा करीन म्हणजे झालं. मले घोर लागला होता तो हत्तीचा." मग ते मुलाकडे वळले. "पण तुले कसं मालूम बे?"

कडूबा लाल झाला. त्यानं धोतरावर कमरेला बांधलेला पंचा सोडला आणि आतून घडीचा चाकू काढला. शिसवाची मूठ, कमानीचं पातं. त्याच वर्षीच्या पाचांतला. हाडाचाही त्याच्या हाती येऊन गेला होता, पण वडिलांच्या माळेकडे बघून त्यानं शिसव घेतलं होतं. आम्ही दोघं ओट्यावर बसून दिवस मावळेपर्यंत मुठींबद्दलच बोललो. मला सख्खा भाऊ सापडल्यासारखं झालं. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

फाल्गुनात लग्न झालं. पंगत बसली, आणि रीतीप्रमाणं नवरदेव रुसला. वाढलेल्या ताटासमोर हात बांधून बसला. अंगठी देऊ केली, नको. गाय देऊ केली, नको. मागं शंभर पानं खोळंबली. शेवटी मायनं विचारलं, "बापू, मंग पाहिजे तरी काय?"

खाली मान घालून कडूबा म्हणाला, "तुळशीरामाकडचा भाऊंचा मान पाहिजे."

मी भाताची परात घेऊन धावलो, पण मायला त्यातला 'मान' तेवढा ऐकू आला होता.

"जवायाले मान नाही द्यायचा तं कोणाले? दिला," ती म्हणाली. लोकांनी वाहवा केली आणि पंगत जेवायला लागली.

पुढच्या यात्रेत मी नुसताच सोबत गेलो. तुळशीरामानं कडूबापुढं मुठी मांडल्या. तो गोंधळून मला म्हणाला, "भाऊ, कोणती घेऊ?" मी डोळे मिटून विचार केल्यासारखं केलं आणि ओल्या आंब्याच्या लाकडावर बोट ठेवलं. तुळशीराम माझ्याकडे बघत राहिला. मी दुसरीकडे बघितलं.

मृगात मूठ फुगली आणि पातं आत अडकून बसलं. चाकू उघडेना तेव्हा कडूबा मंजुळेला घेऊन आमच्याकडेच आला. "भाऊ, तुम्ही निवडली, आता तुम्हीच सांगा. वाळेपर्यंत थांबतो," म्हणाला आणि चुलीजवळ चाकू ठेवून बसला. जावई घरात, म्हणून माय रोज गोडाचं करायची आणि वाढायला मला उभं करायची. त्या वर्षी पावसानं पोळ्यापर्यंत उघडीप दिली नाही.